एनएलआर वाढला म्हणजे काय? यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

यकृताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माणसाच्या फायलीत सर्वांत जास्त पाने कशाची असतील, तर सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची. प्रत्येक उपचाराआधी, प्रत्येक तपासणीच्या वेळी, ताप आला तरी आणि नुसता अशक्तपणा वाटला तरी ही चाचणी होते. त्या पानावर पांढऱ्या पेशींची टक्केवारी छापलेली असते आणि त्यातल्या दोन आकड्यांचा भागाकार करून मिळणारा एक नवा आकडा गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचला आहे: न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर, म्हणजे एनएलआर. कोविडच्या लाटांमध्ये हा शब्द महाराष्ट्रातल्या पुष्कळ कुटुंबांनी पहिल्यांदा ऐकला आणि काही प्रयोगशाळा आता तो आकडा रिपोर्टवर आपणहून छापतात. कर्करोगाच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी तो मोबाइलवर शोधला, की समोर येते ते असे: एनएलआर जास्त असेल तर आयुर्मान कमी. ती ओळ वाचून झोप उडालेल्यांसाठी हा लेख आहे. ती ओळ खोटी नाही. पण ती रुग्णांच्या गटाबद्दल बोलते, आणि आपण ती आपल्या माणसाबद्दल वाचतो. या गुणोत्तराला डॉक्टरांसमोर एक प्रश्न म्हणून ठेवले तर त्याचा खरा उपयोग होतो. त्यातून उत्तर काढायला गेलो तर नुकसान होते. असे का, ते पुराव्यानिशी पाहू.

आधी हिशेब. समजा, रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आहेत, त्यातल्या न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के. ७२ ला १८ ने भागले की ४ येतात. हाच एनएलआर. टक्केवारी घेतली काय किंवा प्रत्यक्ष संख्या, म्हणजे ५,७६० आणि १,४४०, घेतली काय, उत्तर तेच. निरोगी प्रौढ माणसात हा आकडा साधारणपणे १ ते ३ च्या आसपास असतो. याच जातीची आणखी दोन-तीन गुणोत्तरे आहेत. प्लेटलेटना लिम्फोसाइटने भागले की पीएलआर, लिम्फोसाइटना मोनोसाइटने भागले की एलएमआर (हा मात्र जास्त असलेला चांगला), आणि प्लेटलेटच्या हजारांतल्या संख्येला एनएलआरने गुणले की एसआयआय नावाचा निर्देशांक. या शेवटच्याचा जन्मच यकृताच्या कर्करोगाच्या अभ्यासातून झाला: शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या झोंगशान रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरून तो मांडला आणि ३३० ही सीमारेषा सुचवली.

या आकड्यांमागे शरीरशास्त्र आहे, म्हणूनच ते उडवून लावता येत नाहीत. न्यूट्रोफिल या पेशी सूज आणि जंतुसंसर्ग यांच्या ठिकाणी सर्वांत आधी धावतात. लिम्फोसाइट या ओळखून मारणाऱ्या पेशी, कर्करोगाच्या पेशींचा नायनाट करण्याचे बरेचसे काम त्यांच्याकडे असते. गाठ वाढत असताना ती स्वतः आणि तिच्याभोवतीच्या पेशी असे काही रासायनिक संदेश सोडतात, की अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल जास्त प्रमाणात बाहेर पडतात. गाठीजवळ पोचलेल्या न्यूट्रोफिल तिला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, आजूबाजूचा ऊतींचा बांध सैल करतात आणि लिम्फोसाइटना काम करू देत नाहीत. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा आधीच सुजलेल्या, व्रण पडून कडक झालेल्या, म्हणजे सिरॉसिस झालेल्या यकृतात होतो. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारी यकृतातली चरबी, कारण कोणतेही असो, वर्षानुवर्षे चाललेली सूज हा त्यातला समान धागा. त्यामुळे सुजेचा हिशेब सांगणारा आकडा या आजारात बोलका ठरावा, यात आश्चर्य नाही.

आता पुरावा. ब्रातिस्लाव्हातल्या डॉ. झाहोरेत्स यांनी २००१ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर ताण किती पडला आहे हे मोजण्यासाठी हे गुणोत्तर सुचवले, तेव्हा कर्करोगाच्या रुग्णाचे भविष्य वर्तवण्याचा विचार त्यामागे नव्हता. पुढच्या दशकात कर्करोगतज्ज्ञांनी ते उचलले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांनी २००९ मध्ये दाखवले, की यकृताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये ज्यांचा एनएलआर शस्त्रक्रियेआधी ५ किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात रोग परत येण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. त्याच प्रवाहातून २०१७ मध्ये एनएलआर, एएफपी (यकृताच्या कर्करोगात रक्तात मोजले जाणारे एक प्रथिन) आणि गाठीचा आकार यांना एकत्र करणारा गुणांक तयार झाला. आणि २०१४ मध्ये निरनिराळ्या घन गाठींच्या कर्करोगांवरचे १०० अभ्यास, ४०,५५९ रुग्ण, एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एनएलआर वाढलेल्यांचा मृत्यूचा धोका कमी असलेल्यांच्या तुलनेत १.८१ पट आढळला. चाळीस हजार माणसांत दिसलेली गोष्ट योगायोग नसते.

मात्र १.८१ पट याचा अर्थ काय, हे नीट समजून घेण्याची गरज आहे, कारण घबराट नेमकी इथे जन्मते. वाचणाऱ्याला वाटते, की जास्त एनएलआरवाले सगळे लवकर जातात आणि कमी एनएलआरवाले सगळे टिकतात. हा आकडा तसे म्हणत नाही. तो सांगतो, की कोणत्याही काळाच्या तुकड्यात पहिल्या गटातल्या जिवंत असलेल्यांचा धोका दुसऱ्या गटाच्या १.८१ पट आहे. हे प्रमाण कायम राहते असे धरले, तर साध्या गणिताने एक प्रश्न सोडवता येतो: दोन्ही गटांतून एकेक रुग्ण चिठ्ठी टाकून निवडला, तर जास्त एनएलआरवाला दुसऱ्यापेक्षा जास्त जगेल अशी शक्यता किती? १ ला २.८१ ने भागा. उत्तर येते सुमारे ३६ टक्के. म्हणजे शंभर जोड्या केल्या तर छत्तीस जोड्यांत 'वाईट' आकडा असलेला माणूस 'चांगला' आकडा असलेल्यापेक्षा जास्त जगतो. गटांमधला फरक खरा आहे, संशोधनाच्या दृष्टीने मोठाही आहे, आणि तरीही एका माणसाबद्दल तो इतके थोडे सांगतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातली सगळी शिते एका आचेवर शिजलेली असतात. रुग्णांचे तसे नसते. कुणाची गाठ दोन सेंटिमीटरची असते, कुणाची यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेत शिरलेली असते, कुणाचे उरलेले यकृत धडधाकट असते तर कुणाच्या पोटात पाणी झालेले असते. त्या सगळ्यांची सरासरी एका माणसाच्या अंगाला बसत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे, आणि आपल्याकडे तिला विशेष महत्त्व आहे. मोठ्या प्रयोगशाळेत यंत्र हजारो पेशी मोजते. पण तालुक्याच्या ठिकाणी अजूनही पुष्कळदा काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी हाताने मोजून टक्केवारी लिहिली जाते. शंभरात १८ लिम्फोसाइट मोजल्या गेल्या, तर संख्याशास्त्राच्या नियमानुसार खरे प्रमाण ११ पासून २७ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, आणि यात तंत्रज्ञाची काहीच चूक नसते. शंभर पेशींच्या नमुन्याची ती मर्यादाच आहे. उरलेल्या पेशी १० टक्के धरल्या, तर एकाच माणसाच्या त्याच दिवसाच्या रक्तातून २.३ पासून ७.२ पर्यंतचा कोणताही एनएलआर निघू शकतो. एका टोकाला निर्धास्त, दुसऱ्या टोकाला हवालदिल! हाताने मोजलेल्या टक्केवारीवरून काढलेल्या गुणोत्तरावर कोणताही निष्कर्ष काढू नये, हा माझा पहिला आग्रहाचा सल्ला. रिपोर्टवर पेशींची प्रत्यक्ष संख्या यंत्राने दिलेली आहे का ते पाहा. नसेल आणि डॉक्टरांना हा आकडा खरोखरच हवा असेल, तर चाचणी यंत्राची सोय असलेल्या प्रयोगशाळेत करून घ्या, आणि पुढच्या वेळीही शक्यतो त्याच प्रयोगशाळेत जा.

तिसरी गोष्ट त्याहून मोठी. न्यूट्रोफिल या अल्पायुषी, चंचल पेशी आहेत आणि कर्करोग सोडून शेकडो कारणांनी त्या वर जातात. दाताला पू झाला, लघवीचा संसर्ग झाला, सलाइन लावलेल्या जागी शीर सुजली, तरी आकडा चढतो. स्टेरॉइडचा एक डोस काही तासांतच न्यूट्रोफिल वाढवतो आणि लिम्फोसाइट घटवतो, म्हणजे गुणोत्तराच्या वरचा आकडा मोठा आणि खालचा लहान करतो. कर्करोगाच्या उपचारांत उलटी थांबवण्यासाठी डेक्सामेथासोन देणे नित्याचे आहे, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी काढलेल्या रक्ताचा एनएलआर आजाराबद्दल काहीही सांगत नाही. गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून औषध सोडून ती बंद करण्याच्या उपचारानंतर, ज्याला रुग्णालयात 'टेस' म्हणतात, काही दिवस ताप, पोटदुखी आणि पांढऱ्या पेशींची वाढ अपेक्षितच असते. गाठीचा भाग मरतो आहे म्हणून शरीर सुजेने उत्तर देते. त्या आठवड्यातला चढलेला एनएलआर पाहून उपचार फसला असे समजणारी माणसे विनाकारण खचतात. उलट डेंग्यूसारख्या विषाणूजन्य तापात पांढऱ्या पेशी घटतात आणि आकडा भलताच चांगला दिसू शकतो. म्हणून प्रत्येक सीबीसीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: त्या दिवशी किंवा आदल्या आठवड्यात ताप, संसर्ग, जखम होती का, आणि कोणते इंजेक्शन किंवा उपचार झाला होता. पुढे मागे वळून पाहताना डॉक्टरांनाही ही नोंद उपयोगी पडते.

प्लेटलेटवर आधारलेल्या गुणोत्तरांबाबत तर यकृताच्या रुग्णांनी जास्तच सावध राहावे. सिरॉसिस झालेल्या यकृतात पोर्टल शिरेतला दाब वाढतो, पाणथरी मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. मगाचचेच उदाहरण घ्या. समजा, त्यात प्लेटलेट १,२०,००० आहेत; एनएलआर ४, म्हणजे एसआयआय ४८०, सुचवलेल्या ३३० च्या रेषेच्या वर. सहा महिन्यांनी यकृत आणखी बिघडले, पाणथरी वाढली, प्लेटलेट ६०,००० वर आल्या आणि बाकीच्या पेशी तशाच राहिल्या, तर एसआयआय होतो २४०. कागदावर रुग्ण 'चांगल्या' गटात गेला, प्रत्यक्षात त्याची अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटण्याची भीती वाढली. ज्यांचे बाकीचे यकृत निरोगी आहे अशा रुग्णात या निर्देशांकाचा अर्थ एक, आणि ज्याला सिरॉसिस पुढे गेला आहे त्याच्यात दुसरा. माझ्या मते पीएलआर आणि एसआयआय घरी काढून पाहण्यात रुग्णाचा काहीच फायदा नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. चाचणी स्वस्त आहे, कुठेही होते, संशोधनात शंभर वेळा सिद्ध झाली आहे, मग डॉक्टर उपचार ठरवताना ती का वापरत नाहीत? त्यांना नव्या गोष्टींची माहिती नाही का? उत्तर एका फरकात आहे, जो रुग्णाने समजून घेण्यासारखा आहे. आजार कोणत्या दिशेने जाईल हे सुचवणारी खूण वेगळी आणि कोणता उपचार लागू पडेल हे सांगणारी खूण वेगळी. एएफपी हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. रामुसिरुमॅब या औषधाचा फायदा ज्यांचा एएफपी ४०० किंवा त्याहून जास्त आहे अशा रुग्णांत दिसून आला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मुद्दाम अशाच रुग्णांवर केली गेली, आणि औषधाला मान्यताही त्याच अटीवर मिळाली. तिथे आकडा बदलला की निर्णय बदलतो. एनएलआरबाबत तसे झालेले नाही. सोराफेनिब या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये विश्लेषण झाले, तेव्हा एनएलआर कमी असलेल्यांना औषधाचा फायदा तुलनेने जास्त झाल्याचे दिसले, हे खरे. पण त्याच विश्लेषणात एनएलआर जास्त असलेल्यांनाही बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा फायदा होताच. मग एनएलआर जास्त आहे म्हणून कुणाला औषध नाकारायचे कसे? जो आकडा उपचार बदलू शकत नाही, तो डॉक्टरांच्या बोलण्यात मागे राहतो. हे दुर्लक्ष नव्हे, तारतम्य आहे.

शिवाय संशोधनाच्या आत एक उणीव आहे, जी आक्षेप घेणाऱ्यांनीही मान्य करायला हवी. 'जास्त' एनएलआर म्हणजे नेमका किती? कुणी २ च्या आसपास रेषा ओढली, कुणी ३, कुणी ५. पुष्कळ अभ्यासांत ही रेषा आधी ठरवलेली नव्हती. गोळा झालेल्या माहितीत जिथे फरक सर्वांत ठळक दिसला, तिथे ती नंतर ओढली गेली, आणि असा फरक दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या लोकसंख्येत हमखास लहान होतो. बहुतेक अभ्यास जुन्या फायली उघडून केलेले आहेत. ज्यांत संबंध सापडला ते छापले जातात, ज्यांत सापडला नाही ते पुष्कळदा कपाटात राहतात. यातून एनएलआर निरुपयोगी ठरत नाही. मात्र १.८१ सारखा आकडा वास्तवापेक्षा थोडा फुगलेला असण्याचा संभव धरायला हवा, आणि तसे असेल तर मघाचे ३६ टक्के आणखी पन्नासच्या जवळ सरकतात.

मग आयुर्मानाचा अंदाज कशावर बांधायचा? ज्यांच्या आधारे उपचार ठरतात त्या गोष्टींवर. जगभर वापरली जाणारी बार्सिलोना पद्धती, बीसीएलसी, तीन प्रश्न विचारते: गाठी किती आणि केवढ्या, त्या रक्तवाहिनीत किंवा यकृताबाहेर गेल्या आहेत का; उरलेले यकृत किती काम करते; आणि माणूस स्वतः किती हिंडता-फिरता आहे. यकृताच्या कामासाठी चाइल्ड-प्यू वर्ग असतो. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींवरून तो ए, बी किंवा सी ठरतो. एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत, रक्तवाहिनीत शिरकाव नाही, असे असेल तर प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकतो. मिलानमधल्या माझाफेरो यांनी १९९६ मध्ये हे निकष मांडले आणि त्यांत बसणाऱ्या रुग्णांपैकी ७५ टक्के चार वर्षांनी हयात होते. या माहितीपुढे एनएलआर ही तळटीप आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: बीसीएलसी टप्पा कोणता, चाइल्ड-प्यू वर्ग कोणता, पोर्टल शिरेत गाठ आहे का, एएफपी किती आणि उपचारानंतर तो उतरला का, आणि हा उपचार बरे करण्यासाठी आहे की आजार आवरून धरण्यासाठी. ही पाच उत्तरे वहीत लिहिली, तर मोबाइलवरच्या कोणत्याही गुणोत्तरापेक्षा तुम्हाला आपल्या माणसाची स्थिती जास्त स्पष्ट कळेल. शेवटचा प्रश्न विचारायला धीर लागतो. तो रुग्णाच्या इच्छेने, त्याच्या समोर किंवा त्याच्या संमतीने विचारावा. वेदना, भूक, झोप आणि भीती यांवर काम करणारा पॅलिएटिव्ह केअर विभाग उपचार चालू असतानाही मदत करतो, तो फक्त अखेरच्या दिवसांसाठी नसतो, हेही त्या वेळी विचारून घ्यावे.

एनएलआरचा एक उपयोग मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि तो भविष्याशी नव्हे, आजच्या दिवसाशी संबंधित आहे. रुग्णाचा नेहमीचा आकडा २ ते ३ च्या घरात असेल आणि मधल्या काळात कोणताही उपचार झालेला नसताना तो एकदम ७-८ वर गेला, तर पहिला विचार कर्करोग वाढल्याचा करू नये, संसर्गाचा करावा. सिरॉसिसच्या रुग्णात पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग होतो, तेव्हा कित्येकदा ताप येतही नाही. नुसती सुस्ती, किंचित गोंधळ, लघवी कमी होणे, पोटात बारीक दुखणे एवढेच दिसते. सुईने थोडे पाणी काढून त्यात न्यूट्रोफिल मोजल्या आणि दर घन मिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या, की निदान होते आणि प्रतिजैविके तातडीने सुरू करता येतात. उशीर झाला तर मूत्रपिंडे बंद पडू शकतात. म्हणून अचानक चढलेल्या गुणोत्तरासोबत यांतले एखादे लक्षण असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. इथे तोच आकडा, ज्याने उगाच रडवले असते, जीव वाचवायला मदत करतो.

दुसरा आक्षेप घरातून येतो: आकडा वाईट आहे तर तो खाली आणण्याचे काहीतरी करू या. प्रेमापोटी आलेला हा विचार मी समजू शकतो, पण तो धोक्याच्या वाटेला नेतो. गुणोत्तर उतरवल्याने कर्करोगाच्या रुग्णाचे आयुष्य वाढते, असे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. आकडा हा सुजेचा परिणाम आहे, कारण नव्हे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि चूर्णे या रुग्णांना सर्रास दिली जातात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्या निष्कर्षांवर हरकत घेतली होती, हेही सांगायला हवे. त्यानंतर देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशाच रुग्णांची आणखी मोठी नोंद छापली. वादात कुणीही कोणत्याही बाजूला असो, ज्याचे यकृत आधीच अर्धे निकामी आहे त्याच्यावर असा प्रयोग करू नये, याबाबत दुमत असण्याचे कारण नाही. काहीही सुरू करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याचे नाव दाखवा.

लिम्फोसाइट कमी असण्याचे एक कारण मात्र घरच्यांच्या हातात असते: उपासमार. कावीळ म्हटले की तेल बंद, डाळ बंद, नुसती पेज आणि उसाचा रस, असे पथ्य आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. सिरॉसिसच्या रुग्णासाठी ते घातक आहे. त्याला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी, दूध, दही, पनीर, अंडी, सोयाबीन, चालत असेल तर मासे, हे सगळे थोडे थोडे करून दिवसभरात द्यावे, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्यावे, कारण बिघडलेले यकृत रात्रभराचा साठा करू शकत नाही आणि शरीर स्नायू जाळू लागते. पोटात पाणी असेल तर मिठावर मर्यादा येते, तीही आहारतज्ज्ञांना विचारूनच. यामुळे एनएलआर सुधारेल की नाही याकडे लक्ष देऊ नका. रुग्ण पुढचा उपचार सोसू शकेल इतका सशक्त राहील, आणि तेच हवे आहे.

आकडा ज्यांना हवाच आहे, त्यांच्यासाठी व्यवहार्य रीत एवढीच: उपचार सुरू होण्याआधीचा, संसर्ग आणि स्टेरॉइड नसतानाचा, यंत्राने मोजलेला एक एनएलआर पायाभूत म्हणून लिहून ठेवावा. त्यानंतर तशाच शांत परिस्थितीतले आकडे तेवढे त्याच्या शेजारी मांडावेत. एकट्या आकड्याकडे पाहू नये, तीन-चार मोजमापांची दिशा पाहावी. सातत्याने चढत असेल तर डॉक्टरांना दाखवून स्कॅन आणि एएफपी यांच्याशी ते जुळते का, एवढे विचारावे. जुळत नसेल, तर स्कॅनवर विश्वास ठेवावा.

शेवटी एक गोष्ट, जी रुग्णाच्या फायलीत नसते. २०२२ मध्ये जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ७ लाख ५९ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, कारण बहुतेकांचे निदान उशिरा होते. उशिरा झालेल्या निदानानंतर कोणते गुणोत्तर किती, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आधी. शांघायमध्ये हेपॅटायटिस बी असलेल्या किंवा जुनाट यकृतदाह झालेल्या १८,८१६ लोकांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करणाऱ्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी घटले. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना हेपॅटायटिस बीची लस देणे सुरू केले आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधले या कर्करोगाचे प्रमाण दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. भारतात ही लस २०११ पासून देशभरच्या नियमित लसीकरणात आहे, म्हणजे त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांनी ती घेतलेलीच नाही. तुमच्या घरातल्या रुग्णाला हा आजार हेपॅटायटिस बीमुळे झाला असेल, तर त्याची भावंडे, मुले आणि जोडीदार यांची एचबीएसएजी ही हेपॅटायटिस बीची रक्ततपासणी या महिन्यातच करून घ्या. निगेटिव्ह आणि लस न घेतलेल्यांनी लस घ्यावी. पॉझिटिव्ह असलेल्यांनी यकृततज्ज्ञांना भेटावे, २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर औषधे मोफत मिळतात. आणि घरात कुणाला सिरॉसिस असेल, कारण कोणतेही असो, तर त्यांच्या सहामाही सोनोग्राफीच्या दोन तारखा आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.